सांगायचं कुणाला आणि कशासाठी

ऑटिझमचं निदान झालं तेव्हा माझी पस्तिशी उलटली होती. लग्नाला बरीच वर्षं झाली होती, मुलगी शाळेत जात होती आणि मी भोसरीच्या एका कंपनीत क्वालिटीला होते. अजूनही तिथेच आहे. निदानाची हकिगत काही फार रंजक नाही. झोप लागेना म्हणून डॉक्टरांकडे गेले, त्यांनी समुपदेशकाकडे पाठवलं, तिथून क्लिनिकल सायकॉलॉजिस्टकडे. प्रश्नावल्या झाल्या, लांबलचक बैठका झाल्या, आईला बोलावून माझ्या लहानपणाबद्दल खोदून खोदून विचारलं गेलं. मी वाढले नव्वदच्या दशकात, साताऱ्याकडे. पहिल्या पाचात येणाऱ्या, तुरुतुरु बोलणाऱ्या मुलीला ऑटिझम असेल हे तेव्हा तिथे कुणाच्या मनातही आलं नसतं. एकलकोंडी आहे, शिष्ट आहे, असं म्हटलं की लोकांचं काम भागायचं.

रिपोर्ट देताना सायकॉलॉजिस्ट मॅडमनी निदान चटकन सांगून टाकलं आणि उरलेला सगळा वेळ एकाच गोष्टीला दिला. घरी, माहेरी, कामावर, कुणाकुणाला सांगायचा विचार आहे? मी म्हटलं, सगळ्यांनाच सांगेन, लपवण्यासारखं काय आहे त्यात? त्या म्हणाल्या, "सांगा की. फक्त वहीत एकेक नाव लिहा आणि नावापुढे लिहा, हे कळल्यावर या माणसानं नेमकं काय करायला हवंय. काही सुचलं नाही तर त्या नावापाशी थांबा. घाई नाही." मला तो सल्ला तेव्हा कारकुनी वाटला. रडू येण्याच्या बेतात असलेल्या बाईला वही आणा म्हणायचं! पण याद्या करणं हा माझा स्वभावच आहे, त्यामुळे घरी येऊन वही केली.

नवऱ्याचं नाव लिहायची गरज नव्हती, तो दर वेळी बाहेर बाकावर बसलेला असायचा. गाडीत बसल्यावर रिपोर्टचं शेवटचं पान वाचलं, घडी घातली आणि म्हणाला, "म्हणजे कुकरचं ते याच्यामुळे होय." आमच्याकडे कुकर लावला की शिट्टी व्हायच्या आधी तो ओरडून सांगतो, "होतेय गं!" नाहीतर मी हातातलं टाकते. एकदा आमटीचं अख्खं पातेलं सोडलं होतं. हे त्यानं कधीपासून सुरू केलं ते दोघांनाही आठवत नाही. रिपोर्ट नव्हता तेव्हाही होतं, आता आहे तरी तसंच आहे. त्याच्या बाबतीत सांगण्यानं फरक पडला तो एवढाच की पूर्वी लग्नकार्यातून मी लवकर निघते म्हणाले की तो तोंड पाडायचा, आता किल्ली हातात घेऊनच उभा असतो.

डिप्लोमापासूनच्या मैत्रिणीला सांगितलं ते मात्र वहीत काही न लिहिता. मन मोकळं करायचं होतं, बस. ती म्हणाली, "अगं, हल्ली सगळ्यांनाच थोडं थोडं असतं ते. मला पण गर्दी नाही आवडत." मी गप्प बसले. मग आठवडाभरानं तिनं विशेष मुलांच्या शाळेत झालेल्या दिवाळीच्या पणत्यांचे फोटो पाठवले, आणि पुढच्या भेटीत माझ्याशी जरा सावकाश, शब्द सुटे करून बोलायला लागली. एकाच वेळी सगळ्यांना असतं तेही आणि पणत्यांच्या शाळेतलंही, या दोन्ही गोष्टी तिच्या डोक्यात कशा नांदतात कोण जाणे. मैत्री आहे. ती चांगलीच आहे, फक्त माझ्यासाठी काय करायचं हे तिला ठाऊक नव्हतं आणि मलाही सांगता आलं नव्हतं.

कामावरचं प्रकरण मोठं आहे.

मी स्टँडर्ड रूमला असते. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते: कारखान्यात जे पार्ट बनतात ते मापायची, आणि मापायची साधनं स्वतः बरोबर आहेत ना हे तपासायची ती खोली. तापमान 20 अंश, कारण जगभर लांबीची मापं 20 अंश सेल्सिअसला धरतात. तापलेलं लोखंड लांबतं. दार बंद, आवाज बाहेर. मधोमध ग्रॅनाइटची सरफेस प्लेट, एका बाजूला सीएमएम (पार्टवरचे बिंदू टिपून मापं घेणारं यंत्र), कपाटात लाकडी पेटीत स्लिप गेज. स्लिप गेज म्हणजे पोलादाचे गुळगुळीत ठोकळे. दोन ठोकळे शॅमॉय लेदरनं पुसून आडवे ठेवायचे आणि दाबत सरकवून सरळ करायचे, की ते एकमेकांना असे धरतात की उचलले तरी सुटत नाहीत. ते धरतानाची जी किंचित ओढ बोटांना लागते तिच्यासाठी मी काम नसतानाही जुना, बाद झालेला सेट काढून बसायची. येणाऱ्याजाणाऱ्याला वाटायचं मॅडम किती मन लावून काम करतात. खरं तर मी सकाळच्या मीटिंगमधून बाहेर पडून हातपाय जागेवर आणत असायची.

ती मीटिंग म्हणजे शॉपवर, जिथे यंत्रं चालतात तिथेच, उभ्यानं होणारी. कंप्रेसर, फोर्कलिफ्टचा हॉर्न, कूलंटचा वास, आणि सातआठ माणसं एकाच वेळी रिजेक्शनवर, म्हणजे बाद झालेल्या मालावर, बोलणारी. त्यात समोरच्याच्या डोळ्यांत बघायचं, तर मी भुवयांच्या मधोमध बघते; बहुतेकांना फरक कळत नाही. कुणी विनोद केला की शेजारचा हसतोय का बघून हसायचं. याला मास्किंग म्हणतात हे मला रिपोर्टमुळे कळलं, पण करत होते ते शाळेपासून. बायका यात जास्त पटाईत असतात आणि त्यामुळे निदानाला हुकतात, असं मॅडमनी सांगितलं.

निदानानंतर काही महिन्यांनी नवे क्वालिटी हेड आले आणि त्यांनी ठरवलं की इन्स्पेक्शनची सगळी माणसं लाइनशेजारी बसतील. स्टँडर्ड रूममध्ये कामापुरतं जायचं. नकाशा भिंतीवर लागला. माझं टेबल प्रेस शॉपच्या भिंतीला लागून. पोटात गोळा आला. त्याआधीच्या अप्रेझलमध्ये 'टीममध्ये मिसळत नाही' असा शेराही होता, म्हणजे तोंड उघडावं तर तो शेरा पुन्हा गडद होणार.

वहीत साहेबांच्या नावापुढे मी लिहिलं: टेबल आत हवं, मीटिंगचे मुद्दे आदल्या दिवशी लेखी हवेत, तोंडी सांगितलेलं काम मेलवर हवं. लिहून झाल्यावर लक्षात आलं की यातल्या एकाही मागणीसाठी ऑटिझम हा शब्द लागत नाही. मग मी तो काढलाच नाही. साहेबांकडे गेले आणि म्हटलं, कॅलिब्रेशनच्या, म्हणजे साधनं तपासल्याच्या, नोंदी आत बसून केल्या तर ऑडिटला बरं, दार सारखं उघडलं की तापमान हलतं. मेलवर काम आलं की ट्रेसेबिलिटी राहते, कुणी कधी काय सांगितलं याचा माग लागतो. साहेब ऑडिटचं नाव काढल्यावर विरघळले. टेबल आत राहिलं.

मला हे फार हुशारीचं वाटलं होतं. गरज सांगायची, नाव सांगायचं नाही. आणि अजूनही माझं मत असं आहे की जिथे एवढ्यावर भागतं तिथे एवढ्यावरच भागवावं. मी त्या सुमारास बरंच वाचत होते (वाचायला लागले की मला थांबता येत नाही). टेक्सास विद्यापीठाच्या डॅलसमधल्या संशोधकांनी एक प्रयोग केला होता, 2017 साली प्रसिद्ध झालेला. ऑटिस्टिक आणि इतर माणसांच्या काही सेकंदांच्या चित्रफिती अनोळखी लोकांना दाखवल्या. बघणाऱ्यांनी ऑटिस्टिक माणसांबद्दल तेवढ्यातच वाईट मत बनवलं. तीच बोलणी नुसती कागदावर वाचायला दिली तर फरक नाहीसा झाला. म्हणजे मी काय बोलते यात नाही, मी कशी दिसते-ऐकू येते यात पाणी मुरतंय. त्याच मंडळींनी पुढे 2019 मध्ये दाखवलं की माणूस ऑटिस्टिक आहे हे सांगून चित्रफीत दाखवली तर मत सुधारतं; बघणाऱ्याला ऑटिझमची माहिती असेल तर आणखीच. हे वाचून मला आधी हुरूप आला आणि मग शॉपवरचे चेहरे आठवले. तिथे माहिती म्हणजे सिनेमात पाहिलेली. एक तर अंगाला झटके देणारं मूल, नाहीतर पत्त्यांचा हिशेब करणारा चमत्कारी माणूस. माझ्याकडे दोन्ही नाही.

साहेब वर्षभरात दुसरीकडे गेले. त्यांच्याबरोबर तोंडी ठरलेलंही गेलं. त्यांच्या जागी आलेल्या मॅडम सरळ म्हणाल्या, "एकट्या तुमच्यासाठी वेगळं का?" प्रश्न रास्त होता. नाव न सांगता मिळवलेली सोय कुणाच्या तरी मर्जीवर असते, एवढं तेव्हा कळलं. मग मी कायदा वाचला.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम 2016 चा आहे, लागू झाला 19 एप्रिल 2017 पासून. आधीच्या 1995 च्या कायद्यात दिव्यांगत्वाचे सातच प्रकार होते, यात 21 आहेत आणि ऑटिझम त्यात नावानिशी आहे. खासगी कंपनीलासुद्धा समान संधी धोरण करून जाहीर करावं लागतं. 20 किंवा अधिक कर्मचारी असतील तर त्यासाठी संपर्क अधिकारी नेमायचा असतो. आमच्या कंपनीचं धोरण होतं. छापील, फ्रेममध्ये, रिसेप्शनच्या मागे. वाचणारी बहुधा मी पहिलीच.

एचआरला गेले तर पहिला प्रश्न, "मॅडम, 40 टक्क्यांचं सर्टिफिकेट आहे का?" आता 40 टक्के लागतात ते सरकारी नोकरीतल्या आरक्षणाला, प्राप्तिकरातल्या 75 हजारांच्या वजावटीला वगैरे. कायद्यातल्या दिव्यांग व्यक्तीच्या व्याख्येत टक्केवारी नाही, आणि भेदभाव करू नये हे तर व्याख्येत बसणाऱ्या सगळ्यांसाठी आहे. हे मी एचआरच्या मुलाला कलमासकट सांगितलं. तो बिचारा आ वासून बघत राहिला.

सर्टिफिकेट काढायचं का यावर घरी बराच खल झाला. सरकारी यूडीआयडी कार्डासाठी, म्हणजे दिव्यांगांच्या ओळखपत्रासाठी, पोर्टलवर अर्ज करून रुग्णालयात तपासणी असते. ऑटिझमची टक्केवारी इसा नावाच्या भारतीय मापनश्रेणीवरून काढतात. त्यात 40 मुद्दे, प्रत्येकाला 1 ते 5 गुण, बेरीज 70 च्या खाली आली तर ऑटिझम नाही असं धरतात. मी ते मुद्दे वाचून काढले. नजरेला नजर देतो का, प्रतिसाद द्यायला उशीर लावतो का, शब्द पुन्हा पुन्हा उच्चारतो का. लहान मुलाकडे बघून केल्यासारखी ती यादी आहे. तीस वर्षं भुवयांच्या मधोमध बघायला शिकलेल्या बाईचे गुण त्यात किती भरणार? माझं आयुष्य मापांमध्ये चाललंय, साधनाची रेंज आणि पार्ट यांचा मेळ नसला की रीडिंग काय येतं ते मला ठाऊक आहे. आणि 70 च्या खाली आलं की सरकारी कागदावर मी ऑटिस्टिक नाही. नवऱ्यानं करबचतीचा हिशेब करून बघितला, पण नव्या कररचनेत ती वजावट मिळतच नाही आणि आम्ही नव्यात होतो. मला आरक्षणही नको होतं. कार्डाचा विचार बाजूला ठेवला. ज्यांना सरकारी नोकरी किंवा मुलासाठी परीक्षेतल्या सवलती हव्या आहेत त्यांचं गणित वेगळं. त्यांनी कार्ड काढावंच, असं मी सांगेन.

मधला मार्ग सायकॉलॉजिस्ट मॅडमनीच काढून दिला. पूर्ण रिपोर्ट एचआरला द्यायचा नाही. त्यात मी कधी चालायला लागले, अंथरुण कधीपर्यंत ओलं करत होते, आईनं रडत रडत काय सांगितलं, सगळं असतं. ते कंपनीच्या फायलीत कशाला? त्यांनी लेटरहेडवर एकपानी पत्र दिलं: निदान एका ओळीत, आणि कामाच्या जागी काय हवं ते तीन ओळींत. मी त्यासोबत अर्ज जोडला आणि खाली लिहिलं की ही माहिती माझ्या लेखी परवानगीशिवाय पुढे देऊ नये. पोच घेतली. पोच घेणं फार महत्त्वाचं.

टेबल आत परत आलं. मीटिंगचे मुद्दे आदल्या संध्याकाळी येऊ लागले, आणि गंमत म्हणजे ते सगळ्यांनाच आवडलं. पण पोच असली तरी बातमी फुटायची ती फुटलीच. स्टोअरमधले एक काका, मनानं चांगले, चहाच्या वेळी हळूच म्हणाले, "मॅडम, तुमच्या डोक्याचं काहीतरी निघालंय म्हणे. आता बरं आहे ना?" मी म्हटलं, "काका, मला आवाजाचा त्रास होतो, बाकी ठीक." ते म्हणाले, "मग ते कानाचं झालं." तेवढ्यावर आम्ही दोघंही समाधानी झालो.

त्यापेक्षा बोचलं ते दुसरं. सप्लायरकडे जाऊन त्यांची मोजणी तपासायचं काम माझ्याकडे होतं, चाकण, रांजणगाव, कधी कोल्हापूर. मला ते आवडायचं. ठरलेली गाडी, ठरलेली चेकलिस्ट, समोर एकच माणूस. पत्र दिल्यानंतरच्या महिन्यात ते माझ्याकडून काढून दुसऱ्याला दिलं. "कशाला तुम्हाला दगदग?" कुणाच्या मनात वाईट नव्हतं, त्यामुळे भांडायचं तरी कुणाशी? मी पुन्हा मेल लिहिला: पत्रात जे मागितलंय तेवढंच हवंय, जे मागितलेलं नाही ते देऊ नये. उत्तर यायला वेळ लागला. कोल्हापूर परत मिळालं, रांजणगाव अजून नाही.

कामावरचं सांगणं निदान माझ्या एकटीपुरतं होतं. माहेरी तसं नव्हतं. धाकट्या भावाचं लग्न जमवायचं चाललं होतं.

आईला निदान पहिल्या दिवसापासून माहीत होतं, तिच्याच तोंडून माझं लहानपण लिहून घेतलं होतं. ती मला म्हणाली, "हे बघ, तुझं सगळं मार्गी लागलंय. त्याचं जमेपर्यंत मिठाची गुळणी धर." मला राग आला. पण रागातही हे खरं होतं की ऑटिझममध्ये आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे. जुळ्यांवर झालेले अभ्यास ते पुन्हा पुन्हा दाखवतात. आईनं अभ्यास वाचले नव्हते. तिला फक्त पत्रिका जुळवणाऱ्या चार बायका काय बोलतील ते ठाऊक होतं. दोघींची भीती एकाच ठिकाणी येऊन टेकत होती, आणि म्हणून तिला अडाणी म्हणून मोकळं होता येत नव्हतं.

एका स्थळाच्या वेळी मी तिथे होते. कांदेपोहे झाले, मुलीकडच्या मामांनी शेतीबद्दल, फ्लॅटच्या हप्त्यांबद्दल विचारलं आणि मग सहज सुरात, "घरात कुणाला बीपी, शुगर, काही?" आई म्हणाली, "यांना शुगर आहे, गोळी चालू आहे. बाकी सगळे ठणठणीत." माझ्या हातात पाण्याचा ट्रे होता. खोटं बोलली का ती? ऑटिझम हा आजार नाही हे मीच तिला घोकवलं होतं. विचारलं होतं आजाराबद्दल. शब्दाला शब्द लावला तर उत्तर बिनचूक. मामांना मात्र जे विचारायचं होतं त्याचं उत्तर मिळालं नव्हतं, आणि हे आईला, मला, भावाला, तिघांनाही कळत होतं.

घरी येऊन मी नेहमीप्रमाणे कायदा उघडला. हिंदू विवाह कायदा 1955, कलम 12: फसवणुकीनं संमती मिळवली असेल तर लग्न रद्द होऊ शकतं, पण ती फसवणूक विवाहविधीच्या स्वरूपाबद्दल किंवा समोरच्या पक्षाबद्दलच्या एखाद्या महत्त्वाच्या गोष्टीबाबत असावी लागते. नवऱ्याची बहीण त्यात येत नाही. भावाला फोन करून हे सांगितलं तर तो हसायलाच लागला. "ताई, मी तुला कायदेशीर सल्ला मागितलाच नव्हता." मग थोडं थांबून म्हणाला, "मला वाटतं मुलीला सांगावं. तिच्या घरच्यांना नको, तिला. पण गोष्ट तुझी आहे. तू नको म्हणालीस तर नाही सांगणार."

इतक्या लोकांत हे विचारणारा तो पहिला. मी वही काढली. आजवर त्या रकान्यात मी लिहीत आले होते की ऐकणाऱ्यानं माझ्यासाठी काय करावं. इथे उलट होतं. ती मुलगी माझ्यासाठी काही करणार नव्हती. तिला तिचं स्वतःचं ठरवायला ही माहिती हवी होती. ज्या घरात ती येणार, जी मुलं तिला होतील, त्यांच्याबद्दलचं ते होतं. मी भावाला हो म्हटलं, पण काय सांगायचं ते मी लिहून दिलं. माझ्या बहिणीला ऑटिझम आहे. तिला मोठा आवाज आणि अचानक बदललेले बेत सोसत नाहीत. यात आनुवंशिकता असते, आपल्या मुलांना असेल किंवा नसेल, खात्रीनं कुणी सांगू शकत नाही. बाकी काही विचारायचं असेल तर तिलाच विचार. माझा नंबर खाली.

दोनतीन दिवस काही नाही. आईला यातलं काही माहीत नव्हतं. मग त्या मुलीचा मेसेज आला. मी आनुवंशिकतेच्या प्रश्नांची तयारी करून बसले होते, आकडे काढून ठेवले होते. तिनं विचारलं होतं, "ताई, फोन केलेला चालतो का की मेसेजच बरा?"

मी लिहिलं, मेसेज.

आनुवंशिकतेचंही तिनं विचारलं, पण नंतर, आणि मी सांगितलेलं सगळं शांतपणे वाचून "विचार करते" म्हणाली. केला आणि हो म्हणाली. आपल्या आईवडिलांना तिनं सांगितलं नाही. ते तिचं तिनं ठरवलं, मी त्यात पडले नाही. पण त्यामुळे लग्नात एक मजेशीर परिस्थिती झाली: वधूपक्षात एकीला माहीत, बाकी कुणाला नाही, वरपक्षात चौघांना माहीत, आणि आईला माहीत नाही की वधूलाही माहीत आहे. कार्यालयात सनई स्पीकरवर, वरातीला बँजो. आदल्या दिवशी नव्या वहिनीनं कार्यालयाच्या मॅनेजरला सांगून वरच्या मजल्यावरची एक खोली माझ्या नावानं काढून ठेवली होती, "ताईंची मायग्रेन" असं कारण देऊन. किल्ली माझ्या हातात ठेवताना आईनं बघितलं. तिला तेव्हाच कळलं असणार. काही बोलली नाही, अक्षता वाटायला निघून गेली.

लग्नानंतर मिठाची गुळणी सुटली असं मला वाटलं होतं, म्हणजे आता आई मला मोकळीक देईल. तसं झालंही, पण उलट्या बाजूनं. तिच्या बिल्डिंगमधल्या एका काकूंचा नातू साडेतीन वर्षांचा आहे, फारसा बोलत नाही, चाकं फिरवत बसतो. काकू जिन्यात आईपाशी रडल्या. आणि आई, जिनं मला वर्षभर तोंड उघडू दिलं नाही, ती त्यांना म्हणाली, "अहो, आमच्या हिलापण तेच आहे. बघा, नोकरी करते, गाडी चालवते, संसार करते." मला न विचारता. वर माझा नंबरही दिला.

मला कळलं ते त्या मुलाच्या आईचा फोन आला तेव्हा. मेसेज नाही, थेट फोन, तोही कुकर लावलेला असताना. ती घाबरलेली होती. निदान नुकतंच झालं होतं आणि शाळेच्या प्रवेशाचा फॉर्म समोर होता. लिहू की नको? लिहिलं तर प्रवेश नाकारतील, नाही लिहिलं तर नंतर म्हणतील लपवलं. माझ्या मुलाचं तुमच्यासारखं होईल ना, असंही तिनं विचारलं. त्याला मी हो म्हटलं नाही. आईनं मला नमुना म्हणून पुढे केलं असलं तरी साडेतीन वर्षांच्या, न बोलणाऱ्या मुलाचं पुढे काय होईल ते माझ्यावरून सांगता येत नाही, आणि तिला ते खोटं समाधान देणं मला बरं वाटलं नाही. फॉर्मबद्दल मात्र आम्ही बराच वेळ बोललो. शाळेनं त्याच्यासाठी काय करायला हवंय, असं विचारलं तर तिला धडाधड सांगता आलं: घंटेचा आवाज, डब्याच्या वेळी वेगळी जागा, सोबतीला एक माणूस. म्हटलं, मग हे लपवून चालणारच नाही, ही सोय गुपचूप होण्यातली नाही. मुलाखतीआधी मुख्याध्यापिकांना भेटा, निदानाचं एकपानी पत्र न्या, पूर्ण रिपोर्ट नको. सरकारमान्य शाळेला कायद्यानं भेदभाव करून प्रवेश नाकारता येत नाही, पण त्या कसं बोलतात ते बघून तुम्हीच ठरवा तिथे घालायचा की नाही. आणि जे द्याल त्याची पोच घ्या.

"पोच?" ती म्हणाली.

"हो, तारीख आणि शिक्का घालून."

पुढच्या आठवड्यात ती दोन शाळांना भेटणार आहे. कार्डाचा अर्ज कसा भरायचा ते मी तिला लिहून पाठवलंय, तिला ते लागणार आहे. आईशी मात्र अजून भांडायचं राहिलंय.